सर फ्रँक वॉरेल : छत्तिसाव्या वर्षी मिळालेलं कर्णधारपद. उशीर झाला की तीच योग्य वेळ होती?

लेटकट

आमच्या शनिवारच्या कट्ट्यावर परवा वेस्ट इंडीजचा सर्वकालीन संघ निवडायचा खेळ रंगला होता. ग्रीनिज, हंट, हेडली, रिचर्ड्स, लारा, सोबर्स... इथपर्यंत सगळं गुण्यागोविंदानं चाललं होतं. कर्णधार कोण, असं विचारल्यावर मी फ्रँक वॉरेलचं नाव घेतलं आणि वादाला तोंड फुटलं.

एका मित्राच्या मुलानं लगेच मोबाइलवर आकडे काढले. ५१ कसोट्या, ३,८६० धावा, सरासरी ४९.४८, नऊ शतकं, ६९ बळी. "काका, याला फलंदाज म्हणून घ्यायचं तर वीक्स आणि वॉलकॉट पुढे आहेत. अष्टपैलू म्हणून घ्यायचं तर सोबर्स आहे. आणि कर्णधार म्हणाल तर लॉइडनं ३६ कसोट्या जिंकल्यात, यानं ९. मग हा संघात कशासाठी?"

मला तिथल्या तिथे नीट उत्तर देता आलं नाही, याची रुखरुख लागून राहिलीय. वॉरेलचे प्रथम श्रेणीचे आकडे (२०८ सामने, १५,०२५ धावा, ३९ शतकं, ३४९ बळी) मी नंतर त्याला पाठवले, पण खरं उत्तर आकड्यांत नाही असं मला मनापासून वाटतं. हा माणूस वेस्ट इंडीजचा पूर्णवेळ कर्णधार झाला तेव्हा छत्तीस वर्षांचा होता. पंधरा कसोट्यांत त्यानं नेतृत्व केलं : ९ विजय, ३ पराभव, २ अनिर्णित, १ बरोबरीत. दहा वर्षं आधी मिळालं असतं तर? की या दहा वर्षांनीच त्याला घडवलं?

जाणकारांनी लिहावं. वाद घाला, चालेल.

गल्लीबोळ

वाचतोय. या विषयावर धागा निघेल असं वाटलं नव्हतं. पुढील लेखनास शुभेच्छा.

निवांत

लेटकट, त्या मुलाला आधी हे सांगा की १९६० पर्यंत वेस्ट इंडीजच्या कर्णधारपदाचा निकष खेळ नव्हताच. कातडीचा रंग आणि घराणं बघितलं जायचं. बहुतेक खेळाडू काळे, आणि नाणेफेकीला जाणारा गोरा किंवा गोऱ्यांत मोडणारा. जॉर्ज हेडलीसारख्या फलंदाजाला जानेवारी १९४८ मध्ये ब्रिजटाउनला एक कसोटी, फक्त एक, नेतृत्व करायला मिळाली.

१९५५ ची ऑस्ट्रेलियाविरुद्धची घरची मालिका बघा. कर्णधार स्टॉलमायर जायबंदी झाला. संघात वॉरेल, वीक्स, वॉलकॉट तिघंही होते. तिघांची मिळून किती शतकं आणि किती वर्षांचा अनुभव! आणि नेतृत्व दिलं डेनिस अ‍ॅटकिन्सनला. अ‍ॅटकिन्सन वाईट खेळाडू मुळीच नव्हता. ब्रिजटाउनला त्यानं २१९ केल्या आणि डेपीझाबरोबर सातव्या गड्यासाठी ३४७ जोडल्या. पण तो त्या तिघांच्या वरचढ होता असं तिथलं शेंबडं पोरही म्हणालं नसतं.

म्हणजे उशीर झाला का? झाला. आणि तो मुद्दाम केला गेला.

सरळ_बॅट

निवांत, तुमचं १९५५ चं म्हणणं मान्य. पण पुढची पाच वर्षंही सरसकट त्याच खात्यावर टाकू नका. १९५७-५८ ची पाकिस्तानविरुद्धची घरची मालिका आणि त्यानंतरचा भारत दौरा, या दोन्हींत वॉरेल खेळलाच नाही. मँचेस्टर विद्यापीठात शिकत होता. जो हजरच नाही त्याला कर्णधार कसं करणार? आणि जेरी अलेक्झांडरनं कर्णधार म्हणून त्या भारत दौऱ्यात आपल्याला ३-० नं धुतलं होतं, हेही विसरू नका.

माझ्या मते लोकांना अन्याय आणि नायक अशी सरळ गोष्ट आवडते. वॉरेल त्यापेक्षा गुंतागुंतीचा माणूस होता. त्याला क्रिकेटच्या पलीकडचं आयुष्य हवं होतं.

निवांत

सरळ_बॅट, तेही खरं. पण तो शिकायला का गेला, ते बघा. तीस ओलांडलेला माणूस, इंग्लंडच्या लीगमध्ये दर शनिवारी पैशासाठी खेळतोय आणि बाकीचे दिवस विद्यापीठात बसतोय. आपल्याच मंडळात आपल्याला भविष्य नाही हे ज्याला उमजलंय, तो दुसरी वाट बघणारच की.

१९४८ ला भारत दौऱ्याच्या मानधनावरून त्याचं मंडळाशी बिनसलं आणि त्याला वगळून संघ भारतात आला. तेव्हा तो अवघा चोवीस वर्षांचा होता. मागणारा हात म्हणून त्याच्या नावापुढे खूण झाली, ती कायमची.

आजीचा_नातू

थोडं अवांतर, पण राहवत नाही म्हणून लिहितो.

वॉरेलचा आणि आपल्या मातीचा एक जुना धागा विक्रमांच्या वहीत आहे. १९४३-४४ मध्ये ब्रिजटाउनला त्रिनिदादविरुद्ध वॉरेल नाबाद ३०८ आणि जॉन गोडार्ड नाबाद २१८, भागीदारी ५०२. वय वर्षं एकोणीस! दोन वर्षांनी पोर्ट ऑफ स्पेनला पुन्हा त्रिनिदादच. वॉरेल नाबाद २५५, वॉलकॉट नाबाद ३१४, भागीदारी ५७४. कुठल्याही गड्यासाठीचा जागतिक विक्रम.

तो मोडला कुठे? बडोद्याला, मार्च १९४७, रणजीचा अंतिम सामना, बडोदे विरुद्ध होळकर. गुल महंमद ३१९ आणि आपले विजय हजारे २८८. भागीदारी ५७७. फक्त तीन धावांनी! हा विक्रम पुढे २००६ पर्यंत टिकला, मग संगकारा-जयवर्धनेनं ६२४ केल्या.

सांगलीच्या हजाऱ्यांनी बार्बाडोसच्या पोरांना तीन धावांनी मागे टाकलं, हे मला लहानपणापासून पाठ आहे.

मृगजळ

आजीचा_नातू, वा! आणि गंमत म्हणजे सहा वर्षांनी, १९५३ मध्ये, तेच हजारे भारताचे कर्णधार म्हणून कॅरिबियनमध्ये आणि समोर तोच वॉरेल.

किंग्स्टनची शेवटची कसोटी. वॉरेल २३७, वॉलकॉट ११८, वीक्स १०९. तिन्ही डब्ल्यूंची एकाच डावात शतकं. आणि तरीही सगळा संघ ५७६ वर बाद! कारण सुभाष गुप्ते १८० धावांत ५ बळी आणि विनू मंकड २२८ धावांत ५ बळी. दुसऱ्या डावात पंकज रॉय १५०, विजय मांजरेकर ११८, आणि सामना वाचवला. धावफलक म्हणून वाचला तरी अंगावर काटा येतो.

गुप्त्यांनी त्या मालिकेत २७ बळी घेतले. त्यांना त्रिनिदाद इतकं भावलं की पुढे संसारच तिथे थाटला. शेवटपर्यंत तिथेच राहिले.

गल्लीबोळ

म्हणजे हजारे-वॉरेल सामना १-१ बरोबरीत. विक्रम हजाऱ्यांचा, २३७ वॉरेलच्या. :)

मैदानी

मी मुंबईत मैदान क्रिकेट बरीच वर्षं खेळलो, त्यातली काही वर्षं ऑफिसच्या संघाचा कर्णधार होतो. त्या अनुभवावरून लिहितो.

कर्णधाराचं मोठं काम क्षेत्ररक्षण लावणं नसतं. एका संघात चार गट असतात : एका चाळीतले, एका डिपार्टमेंटचे, साहेबाचे लाडके, आणि एकटे. त्यांना एकमेकांच्या चेंडूवर पळायला लावणं हे खरं काम. मी ज्या ऑफिसात होतो तिथे एक वर्ष वशिल्यानं कर्णधार नेमला गेला. त्या वर्षी आम्ही सुटलेल्या झेलाबद्दल एकमेकांकडे बघायचंही टाळायचो. तेव्हापासून मला वॉरेलचं महत्त्व कळलं.

कारण त्याच्याकडे चार गट नव्हते, चार देश होते! बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद, ब्रिटिश गयाना. जमैकाहून बार्बाडोस हजार मैलांवर. एका बेटाचा दुसऱ्यावर विश्वास नाही, निवड समितीत प्रत्येकाचा आपापला माणूस. वॉरेल जन्मानं बार्बाडोसचा, पण १९४७ पासून जमैकात जाऊन राहिला, शेवटी त्रिनिदादच्या विद्यापीठातही काम केलं. बार्बाडोसमध्ये त्याला यावरून बोल लावणारे होते. पण त्यामुळेच तो कुठल्या एका बेटाचा राहिला नाही. दहा वर्षं आधी कर्णधार झाला असता तर तो "बार्बाडोसचा वॉरेल" असता. १९६० मध्ये तो वेस्ट इंडीजचा वॉरेल होता.

लेटकट, माझं मत : अन्याय झाला, आणि तरीही वेळ योग्य होती. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

अनघा_वि

मैदानी, तुमचा प्रतिसाद फार आवडला. त्यात एक राजकीय जोड देते. १९५८ मध्ये ही सगळी बेटं मिळून वेस्ट इंडीज फेडरेशन झालं. सप्टेंबर १९६१ मध्ये जमैकानं सार्वमतानं बाहेर पडायचं ठरवलं आणि मे १९६२ मध्ये फेडरेशनच संपलं. म्हणजे वॉरेलच्या कारकिर्दीच्या ऐन मध्यावर "वेस्ट इंडीज" नावाचा देश मोडला आणि "वेस्ट इंडीज" नावाचा संघ मात्र घट्ट होत गेला. वॉरेल या एकीकरणाच्या बाजूचा होता. पुढे जमैकाच्या सिनेटमध्येही गेला.

आणि कर्णधारपद आकाशातून पडलं नाही. त्रिनिदादच्या 'द नेशन' या पत्राचे संपादक सी. एल. आर. जेम्स यांनी १९६० मध्ये मोहीमच उघडली होती. त्याच वर्षी जानेवारीच्या अखेरीस पोर्ट ऑफ स्पेनला इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत चरण सिंग धावबाद झाल्यावर प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, खेळ थांबला. लोकांच्या मनात किती साठलं होतं ते तिथे दिसलं. मंडळाला नमतं घ्यावं लागलं.

सरळ_बॅट

अनघाताई, मोहिमेबद्दल सहमत. पण त्यात जेरी अलेक्झांडरचा बळी गेला, त्याच्याबद्दल कुणीच लिहीत नाही म्हणून मी लिहितो.

ज्याला काढा म्हणून वर्तमानपत्रांत मथळे आले, तो माणूस ऑस्ट्रेलियाला वॉरेलच्या हाताखाली यष्टिरक्षक म्हणून गेला. रुसला नाही, फुगला नाही. त्या मालिकेत ४८४ धावा, सरासरी ६०.५०. संघात सगळ्यात वरची! सोबर्स, कन्हाय, हंट, वॉरेल सगळ्यांच्या वर. सिडनीला १०८ केल्या, आणि आयुष्यभराच्या प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्याचं हे एकमेव शतक. कर्णधारपद गेल्यावर आलेलं.

याचं श्रेय अलेक्झांडरला तर आहेच, पण ज्या कर्णधारानं आपल्या आधीच्या कर्णधाराला अपमान वाटू दिला नाही त्यालाही आहे. लेटकट, तुमच्या मित्राच्या मुलाला हा आकडा दाखवा. हा वॉरेलच्या खात्यावर कुठेच लिहिलेला नाही.

मैदानी

सरळ_बॅट, साष्टांग नमस्कार. हे मला माहीत नव्हतं. ऑफिसातल्या माझ्या आधीच्या कर्णधाराशी मी कसा वागलो ते आठवलं, आणि आज संध्याकाळी त्याला फोन करणार आहे.

लेटकट

सरळ_बॅट, हे सोनं आहे. धाग्याचं सार्थक झालं.

आता कुणीतरी ब्रिस्बेनबद्दल लिहा ना. बरोबरीत सुटलेली पहिली कसोटी एवढंच सगळ्यांना माहीत असतं. त्या शेवटच्या षटकात कर्णधार म्हणून वॉरेलनं काय केलं?

धावफलक

मी लिहितो. हे षटक मला तोंडपाठ आहे.

१४ डिसेंबर १९६०. ऑस्ट्रेलियाला जिंकायला २३३ हव्यात. सहा बाद ९२ वरून डेव्हिडसन आणि बेनॉ यांनी १३४ जोडल्या. सात धावा हव्या असताना जो सॉलोमननं थेट फेकीवर डेव्हिडसनला ८० वर धावबाद केलं. शेवटचं षटक वेस हॉलचं. तेव्हा ऑस्ट्रेलियात षटक आठ चेंडूंचं. सहा धावा, तीन गडी.

पहिला चेंडू ग्राउटच्या अंगावर, लेग बाय. वॉरेलनं हॉलला बजावलं होतं की बेनॉला बाउन्सर टाकू नकोस. हॉलनं दुसराच चेंडू बाउन्सर टाकला! बेनॉनं हूक मारला, कड लागली, अलेक्झांडरनं झेल घेतला. हॉल हर्षानं नाचत कर्णधाराकडे आला. वॉरेलचा चेहरा हलला नाही. सांगितलेलं ऐकलं नाहीस, हा चेंडू चौकार गेला असता तर, एवढाच त्याचा सूर.

तिसरा चेंडू निर्धाव. चौथ्यावर बाय. पाचव्यावर ग्राउटनं चेंडू उंच उडवला, कन्हाय खाली उभा, आणि हॉल पळत येऊन त्याच्यावर आदळला, झेल सुटला, एक धाव. हॉलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहाव्यावर मेकिफनं चेंडू लेगला उचलला, विजयाची तिसरी धाव घेताना हंटची सीमारेषेजवळून आलेली फेक सरळ अलेक्झांडरच्या हातात आणि ग्राउट बाद. धावा समान. दोन चेंडू, एक गडी.

इथे वॉरेल हॉलजवळ आला. शांतपणे एवढंच म्हणाला की नो-बॉल टाकू नकोस, टाकलास तर बार्बाडोसला परत जाता यायचं नाही. बघा, त्या क्षणी दुसरा कुणी कर्णधार हातवारे करत असता. यानं त्या पोराला हसवलं आणि पाय रेषेच्या मागे ठेवायला लावला.

सातवा चेंडू. क्लाइननं स्क्वेअर लेगला ढकलला, दोघं पळाले. सॉलोमन बाजूला उभा, त्याला तिन्ही यष्ट्या एकामागे एक, म्हणजे एकाच यष्टीएवढी जागा दिसतेय. त्यानं ती उडवली. मेकिफ धावबाद. मैदानावर निम्म्यांना जिंकलो की हरलो ते कळेना.

आणि हे करणाऱ्या कर्णधाराच्या स्वतःच्या धावा? ६५ आणि ६५.

गल्लीबोळ

दोन्ही डावांत ६५. कर्णधार स्वतःसुद्धा बरोबरीतच सुटला!

आजीचा_नातू

धावफलक, वाचताना सातव्या चेंडूला श्वास रोखून धरला होता, निकाल माहीत असूनही.

पुढचंही लिहा कुणीतरी. ती मालिका वेस्ट इंडीज २-१ नं हरलं, आणि हरलेल्या संघाला मेलबर्नच्या लोकांनी उघड्या मोटारींतून मिरवत निरोप दिला. आजपर्यंत दुसऱ्या कुठल्या पाहुण्या हरलेल्या संघाला असं भाग्य लाभलंय का?

धावफलक

मला तरी दुसरं उदाहरण ठाऊक नाही. मेलबर्नच्या शेवटच्या कसोटीत एका दिवशी नव्वद हजारांवर प्रेक्षक होते. ऑस्ट्रेलियन मंडळानं तिथेच ठरवलं की यापुढे या दोन देशांतल्या मालिकेचा करंडक फ्रँक वॉरेलच्या नावाचा असेल. त्याच्यावर ब्रिस्बेनच्या सामन्यातला चेंडू बसवला. घडवला कुणी, तर अर्नी मॅकॉर्मिकनं. तो ऑस्ट्रेलियाचा माजी वेगवान गोलंदाज, धंद्यानं जवाहिऱ्या.

खेळत असलेल्या, त्यातही हरलेल्या कर्णधाराच्या नावानं यजमानांनी करंडक ठेवला. लॉइडच्या ३६ विजयांबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण त्याच्या संघाला ज्या रस्त्यानं जाता आलं तो रस्ता इथे बांधला गेला.

गोदाकाठ

मी नाशिकची. क्रिकेटमधलं फार कळत नाही, पण वॉरेलचं नाव आमच्या घरात लहानपणापासून आहे ते वेगळ्या कारणानं. बापू नाडकर्णी जन्मानं नाशिकचे, त्यामुळे वडील त्यांच्याबद्दल भरभरून बोलायचे, आणि त्यात ही गोष्ट हमखास यायची.

मार्च १९६२. भारतीय संघ बार्बाडोसविरुद्ध ब्रिजटाउनला खेळत होता. चार्ली ग्रिफिथचा चेंडू आपला कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्यावर लागला. कवटी फुटली. त्या काळी हेल्मेट नव्हती. शस्त्रक्रिया करावी लागली, रक्त हवं होतं. रक्त द्यायला जे पुढे झाले त्यांत सगळ्यात पहिला फ्रँक वॉरेल, वेस्ट इंडीजचा कर्णधार. मग चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर आणि आपल्याकडचे क्रीडा पत्रकार के. एन. प्रभू.

वडील सांगायचे, "बघ, एका बाटलीत पुण्याचं, एकीत नाशिकचं आणि एकीत बार्बाडोसचं रक्त. डॉक्टरांना काही फरक कळला का?" मला तेव्हा वाटायचं बाटल्यांवर गावांची नावं लिहिलेली असतील.

कॉन्ट्रॅक्टर वाचले. कसोटी पुन्हा खेळले नाहीत, पण प्रथम श्रेणी क्रिकेट खेळायला परत उभे राहिले. डोक्यात बसवलेली धातूची पट्टी साठ वर्षांनी, २०२२ मध्ये, मुंबईत काढली.

अनघा_वि

गोदाकाठ, डोळे भरून आले. बाटल्यांवरची गावांची नावं विसरणार नाही.

रसगुल्ला_पुणेकर

नोकरीनिमित्त काही वर्षं कोलकात्यात काढली, म्हणून भर घालतो. बंगालची क्रिकेट संघटना १९८१ पासून दर ३ फेब्रुवारीला वॉरेलच्या नावानं रक्तदान शिबिर भरवते. ऑफिसातला बंगाली मित्र मला पहिल्यांदा ओढून घेऊन गेला तेव्हा मला वाटलं होतं कुणा स्थानिक पुढाऱ्याचा वाढदिवस असेल. रांगेत माझ्यापुढे कॉलेजची मुलं होती, मागे सत्तरीचे एक आजोबा. त्यांचं वय बघून डॉक्टरांनी त्यांना परत पाठवलं, तर ते तिथेच खुर्चीवर बसून राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाला कॉन्ट्रॅक्टरची गोष्ट सांगत होते. बंगालीत. मला निम्मी कळली, नावं सगळी कळली.

लाज एवढीच वाटली, की बोर्डे पुण्याचे, नाडकर्णी नाशिकचे, आणि असा दिवस आपल्याकडे नाही.

गोदाकाठ

रसगुल्ला_पुणेकर, मग आपणच करूया की. येत्या ३ फेब्रुवारीला आपापल्या गावातल्या रक्तपेढीत जायचं आणि इथे येऊन लिहायचं. मी पहिलं नाव देते.

मैदानी

माझं दुसरं.

निवांत

मीही. (आणि सरळ_बॅट, तुम्ही यात तरी विरोध करू नका.)

सरळ_बॅट

विरोध नाही, नाव लिहा. :)

पण भावनेच्या भरात एक गोष्ट राहायला नको. रक्त देणाऱ्या याच कर्णधारानं ती मालिका आपल्याला ५-० नं हरवली. त्यानं मैदानात दया दाखवली नाही, आणि दाखवायलाही नको होती. उम्रीगरनी पोर्ट ऑफ स्पेनला ५६, नाबाद १७२ आणि पाच बळी अशी एकट्यानं झुंज दिली, तीही वाया गेली. मैदानाबाहेरचं माणूसपण आणि मैदानातली कठोरता या दोन्ही गोष्टी एका माणसात होत्या म्हणून तो मोठा. नुसता सज्जन म्हणून त्याची आठवण काढली तर त्याच्यावर अन्याय होईल.

टोरांटोकर

उशिरा आलो. इथे माझ्या ऑफिसात एक सहकारी मूळची बार्बाडोसची आहे. काल जेवणाच्या सुट्टीत हा धागा तिला इंग्रजीत सांगितला. तिनं पर्स उघडून माहेरची एक घडी पडलेली पाच डॉलरची नोट माझ्यापुढे ठेवली. नोटेवर फ्रँक वॉरेल! राजा नाही, राणी नाही, एक क्रिकेटर. ती नोट ती खर्च करत नाही, आजीनं दिलेली आहे म्हणाली.

तिनं अजून एक सांगितलं. तिन्ही डब्ल्यू अठरा महिन्यांच्या आत, केन्सिंग्टन ओव्हलच्या आसपास मैलभराच्या टापूत जन्मले हे आपल्याला माहीत आहे. तिघं आता बार्बाडोसमधल्या केव्ह हिलला विद्यापीठाच्या मैदानाशेजारी एकत्र विसावलेत. वॉरेल १९६७ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगानं गेला. वॉलकॉट २००६ मध्ये. आणि वीक्स २०२० मध्ये, पंचाण्णवाव्या वर्षी. मधल्याला किती वाट बघावी लागली, असं ती म्हणाली.

मृगजळ

रक्त देणाऱ्याला रक्ताचाच कर्करोग. देव कसा न्याय करतो कळत नाही.

लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमध्ये त्याची स्मृतिप्रार्थना झाली. खेळाडूसाठी तिथे असं पहिल्यांदाच घडलं.

धावफलक

लेटकट, मूळ प्रश्नाकडे येतो. "खेळाडू म्हणून तो संघात बसतो का" याला मी लॉर्ड्स १९६३ नं उत्तर देईन.

वॉरेल अडतीस पूर्ण, एकोणचाळिसावं चालू. शेवटचं षटक पुन्हा हॉलचंच. इंग्लंडला आठ धावा हव्यात, दोन गडी शिल्लक. कॉलिन काउड्रीचा हात मोडलेला, तो प्लास्टर घालून पॅव्हेलियनमध्ये बसलाय. चौथा चेंडू शॅकल्टनच्या बॅटला लागला नाही, दुसऱ्या टोकाचा अ‍ॅलन धाव काढायला सुटला. यष्टिरक्षक मरेनं चेंडू शॉर्ट लेगला उभ्या वॉरेलकडे दिला.

ब्रिस्बेनला सॉलोमननं फेक केली होती. इथे वॉरेलनं फेकला नाही. फेक चुकली तर ओव्हरथ्रो, सामना गेला. तो चेंडू हातात घट्ट धरून गोलंदाजाच्या टोकाकडे धावत सुटला, शॅकल्टनच्या बरोबरीनं, आणि त्याच्या आधी पोचून बेल्स उडवल्या. एका क्षणात दोन वाटा होत्या आणि त्यानं पायांवर विश्वास ठेवला. काउड्री मोडक्या हातानं दुसऱ्या टोकाला येऊन उभा राहिला, अ‍ॅलननं उरलेले दोन चेंडू अडवले, २२८ वर नऊ. सामना अनिर्णित, मालिका पुढे ३-१ नं वेस्ट इंडीजची.

त्या मुलाला विचारा, ही धाव कुठल्या सरासरीत मोजायची?

सरळ_बॅट

धावफलक, मुद्दा जोरदार आहे. पण फलंदाज-गोलंदाज म्हणूनही त्याला कमी लेखायचं कारण नाही. १९५० ला ट्रेंट ब्रिजवर २६१. १९५७ ला त्याच मैदानावर डाव संपेपर्यंत नाबाद १९१, आणि त्याच मालिकेत लीड्सला ७० धावांत ७ बळी. संघ ३-० नं हरत असताना. सुरुवातीला डावखुरा फिरकी गोलंदाज, नंतर डावखुरा मध्यमगती, फलंदाजी उजव्या हातानं. सोबर्सच्या आधी हा साचा त्यानंच पाडला. आणि १९६५ मध्ये "माझ्यानंतर सोबर्सला करा" असं सुचवणाराही तोच.

लेटकट

सगळ्यांचे मनापासून आभार. काल शनिवार होता. हा सगळा धागा छापून नेला आणि त्या मुलाच्या हातात दिला. तो चहा थंड होईपर्यंत वाचत बसला. मग मोबाइल बाजूला ठेवून कागदावर संघ पुन्हा लिहिला. वीक्सला बारावा केला. सहाव्या क्रमांकावर वॉरेल, पुढे कंसात 'कर्णधार', आणि लॉइडला उपकर्णधार.

मी विचारलं, "आता सरासरीचं काय?" तर म्हणाला, "काका, तो अलेक्झांडरचा आकडा मी वॉरेलच्या खात्यात धरलाय."

माझं उत्तर म्हणाल तर मैदानींच्या जवळ जातंय. फक्त एक भर. दहा वर्षं आधी त्याला ते पद मिळायलाच हवं होतं, मग तो यशस्वी झाला असता किंवा नसता. हेडलीलाही मिळायला हवं होतं.

सरळ_बॅट

हेडलीबद्दल शंभर टक्के सहमत. आणि यष्टिरक्षक कोण घेतलात ते लिहिलं नाहीत. डुजाँ असेल तर ठीक, पण दौऱ्यावर दुसरा यष्टिरक्षक लागतोच. अलेक्झांडरला न्या.

लेटकट

नेला.